गुरुत्वीय लहरी आणि मूलभूत भौतिकशास्त्र: काय मोजलं, काय गृहीत धरलं, कुठे चुकतं?

तरंगवेध (धागाकर्ता)

गुरुत्वीय लहरींबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक वेळा 'आइन्स्टाइन बरोबर ठरला' इथे येऊन थांबतं. बरोबर ठरला म्हणजे नेमकं काय मोजलं, मोजताना काय धरून चाललो आणि आकडा किती घट्ट आहे, यावर बोलण्यासाठी हा धागा. विनंती एवढीच की दावा मांडला की त्याचं गृहीतकही सोबत लिहा. (^ म्हणजे घात. १०^-१५ म्हणजे दहाचा उणे पंधरावा घात.)

वेगापासून सुरुवात करतो. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे विलीन झाल्याची लहर आली (जीडब्ल्यू१७०८१७). त्यानंतर १.७४ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा झोत टिपला. दीर्घिका एनजीसी ४९९३, अंतर साधारण १३ कोटी प्रकाशवर्षं. वेगाचं गणित करताना मुद्दाम कमीत कमी अंतर धरलं, ८.५ कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे मर्यादा उगाच कडक दिसायला नको. तेवढ्या प्रवासाला २.७ × १०^१५ सेकंद लागतात.

दोन्ही एकाच क्षणी निघाले असं धरा. १.७४ ला २.७ × १०^१५ ने भागा. उत्तर येतं सुमारे ६.५ × १०^-१६. म्हणजे लहर प्रकाशापेक्षा वेगवान असलीच तर फरक ७ × १०^-१६ च्या आत. आता दुसरी बाजू. गॅमा किरण विलीनीकरणानंतर १० सेकंदांनी निघाले असं धरा. मग लहर प्रकाशापेक्षा हळू असलीच तर ३ × १०^-१५ पेक्षा जास्त हळू नाही. एका घटनेतून आणि कागदावरच्या भागाकारातून एवढी कडक मर्यादा मिळते, हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर मोजमाप वाटतं.

नीरक्षीर

धाग्याबद्दल धन्यवाद, वाचनखूण साठवली.

यातला १० सेकंदांचा आकडा मोजलेला नाही. झोत तयार व्हायला किती वेळ लागतो याच्या प्रतिमानांवरून तो घेतलाय. कोणी १०० सेकंद धरले तर खालची मर्यादा साधारण ४ × १०^-१४ होते, दहापटीहून जास्त सैल. तरीही निष्कर्ष हलत नाही, आणि दाव्याची ताकद तिथेच आहे.

दुसरं म्हणजे ही नोंद स्वच्छ नव्हती. लायगो या वेधशाळेची अमेरिकेत दोन यंत्रं आहेत, हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथे. लिव्हिंगस्टनच्या डेटात विलीनीकरणाच्या १.१ सेकंद आधी एक मोठा ग्लिच (यंत्रातला क्षणिक गोंगाट) होता, खऱ्या सिग्नलवरच बसलेला. झटपट शोधासाठी तेवढा तुकडा शून्य करून टाकला, कडा हळूहळू उतरवून. कडा उतरवल्या नाहीत तर फूरिये रूपांतरात (सिग्नल वारंवारतांमध्ये फोडताना) तो काप सगळ्या वारंवारतांवर सांडतो. मूळ विश्लेषणासाठी मात्र ग्लिचचं वेव्हलेटांनी (छोट्या तरंग-तुकड्यांनी) प्रतिमान बांधून ते डेटातून वजा केलं. वजाबाकीत सिग्नलचा अंश गेला तर वस्तुमानं आणि भरतीचे परिणाम (ताऱ्यांनी एकमेकांना ताणणं) दोन्ही बिघडतात. म्हणून बनावट सिग्नल त्याच जागी घालून, ग्लिच काढून, मूळ आकडे परत मिळतात का हे तपासावं लागतं.

मंदाकिनी

वेगाच्या मर्यादेने सिद्धांतांचं काय झालं ते सांगते.

विश्वाचा प्रसरणवेग वाढतोय याचं स्पष्टीकरण कृष्णऊर्जेऐवजी बदललेल्या गुरुत्वाकर्षणातून देणारे बरेच सिद्धांत होते. त्यांत एक जादा अदिश क्षेत्र असतं, म्हणजे प्रत्येक बिंदूला दिशा नसलेला एक आकडा. ते क्षेत्र अवकाशाच्या वक्रतेशी ठरावीक पद्धतीने गुंफलं की लहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा निघतो. चौथ्या आणि पाचव्या क्रमाचे गॅलिलिऑन त्यातलेच. ऑगस्ट २०१७ नंतर कृष्णऊर्जेचं स्पष्टीकरण म्हणून ते जवळपास बाद झाले. अशाच अदिश क्षेत्राची साधी, 'स्केलर-टेन्सर' प्रतिमानं टिकली, कारण त्यांत वेग आपोआप प्रकाशाएवढाच राहतो.

पण गृहीतक लिहायचं ठरलंय, तर हे घ्या. लायगोने मोजलेली वारंवारता दहा ते हजार हर्ट्झच्या पट्ट्यातली. या सिद्धांतांची स्वतःची वैधता मात्र शे-दोनशे हर्ट्झच्या आसपासच संपू शकते, त्यापुढे ते काय भाकीत करतात ते नीट सांगता येत नाही. म्हणून वेग वारंवारतेवर अवलंबून असण्याची फट अजून उघडी आहे. ती तपासायची तर खूप खालच्या वारंवारतेला वेग मोजावा लागेल. युरोपीय अवकाश संस्थेच्या लिसा या अवकाशातल्या नियोजित वेधशाळेचा पट्टा मिलिहर्ट्झचा आहे. २५ लाख किलोमीटर अंतरावरची तीन यानं, उड्डाण २०३५ च्या सुमारास.

तरंगवेध

+१. ग्रॅव्हिटॉनच्या (गुरुत्वाकर्षणाच्या कल्पित कणाच्या) वस्तुमानाचं गणितही वारंवारतेवरच चालतं. वस्तुमान शून्य नसेल तर कमी वारंवारतेच्या लहरी जास्त हळू चालतील. विलीन होणाऱ्या जोडीचा सिग्नल चढत्या सुराचा असतो, आधी मंद्र, शेवटी तार. सुरुवातीचे मंद्र सूर वाटेत मागे पडले तर आपल्यापर्यंत पोहोचेतो सगळी चढण दाबली जाईल. २०१५ च्या पहिल्या नोंदीवरून मर्यादा आली १.२ × १०^-२२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. पुढे डझनावारी घटना एकत्र केल्यावर ती १.२७ × १०^-२३ पर्यंत खाली आली. इथे गॅमा किरण वगैरे काही लागत नाही, सिग्नल स्वतःशीच ताडून पाहायचा. गृहीतक हे की उगमापाशी चढण सापेक्षतेप्रमाणेच होती आणि बिघाड झाला तो फक्त प्रवासात.

सह्यगिरी

कृष्णविवरांवर कोणीच बोललं नाही अजून, म्हणून हा मोठा प्रतिसाद.

बाजारात मडकं घेताना टिचकी मारून वाजवून बघतात. चिरलेलं असेल तर आवाज बद्द येतो. विलीनीकरणानंतर तयार झालेलं कृष्णविवरही तसंच वाजतं आणि काही मिलिसेकंदांत शांत होतं, याला रिंगडाउन म्हणतात. कृष्णविवर असं ठरावीक सुरांत वाजतं हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये गणिताने दाखवलं. सापेक्षतेनुसार प्रत्येक सुराची वारंवारता आणि विझण्याचा वेळ दोनच आकड्यांवर ठरतात: वस्तुमान आणि स्पिन (स्वतःभोवतीची फिरकी). म्हणून एक सूर मोजला की दोन आकडे मिळाले. दुसरा सूर मोजला की परीक्षा सुरू, कारण आता त्या सुराला हवं तसं वागण्याची मोकळीक उरलेली नाही.

प्रत्यक्षात अडचण येते ती वेळेची. २०१५ च्या घटनेत मुख्य सूर २५० हर्ट्झच्या आसपास आणि विझण्याचा काळ जेमतेम ४ मिलिसेकंद. मोजणी कळसापासून लगेच सुरू केली तर तिथे अजून विलीनीकरणाची धुमश्चक्री आहे, साधे सूर वेगळे काढता येतील याची खात्री नाही. १० मिलिसेकंद थांबलात तर आयाम (लाटेची उंची) बारावा हिस्सा उरतो आणि गोंगाटात बुडतो. पहिल्या घटनेत दुसरा सूर सापडला की नाही यावर कित्येक वर्षं वाद चालला तो यामुळेच. सुरुवातीचा क्षण मिलिसेकंदभर इकडेतिकडे केला, गोंगाटाचा अंदाज थोडा वेगळ्या रीतीने घेतला, की निष्कर्ष डळमळायचा.

१४ जानेवारी २०२५ च्या घटनेने (जीडब्ल्यू२५०११४) चित्र बदललं. वस्तुमानं जवळपास २०१५ सारखीच, सूर्याच्या ३४ आणि ३२ पट. पण सिग्नल-गोंगाट गुणोत्तर तेव्हा २४ होतं, या वेळी सुमारे ८०. यात मुख्य सूर आणि त्याचा पहिला उपसूर दोन्ही मिळाले, आणि केरच्या गणिताशी (फिरत्या कृष्णविवराच्या सापेक्षतेतल्या उत्तराशी) जुळले.

याच घटनेवर हॉकिंगच्या १९७१ च्या क्षेत्रफळ प्रमेयाचीही परीक्षा झाली. कृष्णविवरांच्या क्षितिजांचं, म्हणजे जिथून काही परत येत नाही त्या सीमांचं, एकूण क्षेत्रफळ कधी घटत नाही, असं ते प्रमेय. पडताळा घरी करा. स्पिन नसेल तर क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात. ३४ चा वर्ग अधिक ३२ चा वर्ग, २१८०. शेवटचं विवर सुमारे ६३ पट, वर्ग ३९६९. गुणोत्तर १.८. शेवटच्या विवराचा स्पिन ०.६८ आहे आणि स्पिनमुळे क्षेत्रफळ घटतं, या स्पिनला गुणक ०.८७. म्हणजे अखेरीस साधारण १.६ पट वाढ. प्रत्यक्ष विश्लेषणात विलीनीकरणाआधीचा भाग आणि रिंगडाउनचा भाग वेगवेगळे मोजले: आधी सुमारे २.४ लाख चौरस किलोमीटर, नंतर सुमारे ४ लाख. वाढ झाल्याची खात्री ९९.९९९ टक्के.

दोन भाग वेगळे मोजणं हा यातला प्राण आहे. संपूर्ण सिग्नलला सापेक्षतेचा एकच नमुना बसवला असता तर क्षेत्रफळ वाढलंच असतं, कारण ते नमुन्यातच आहे. मग परीक्षा कसली?

नीरक्षीर

शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा, सह्यगिरी.

कृष्णविवराच्या क्षितिजापाशी काही पुंजभौतिकी रचना असेल तर रिंगडाउननंतर प्रतिध्वनी यायला हवेत, आणि ते सापडल्याचा दावा २०१६ च्या अखेरीस झाला होता. नंतरच्या स्वतंत्र तपासण्यांत आणि वाढत्या डेटात त्याला पुष्टी मिळाली नाही. प्रतिध्वनींचं अंतर, त्यांचं विरणं, सुरुवातीचा क्षण, हे सगळं मोकळं सोडलं की गोंगाटातही काहीतरी जुळतंच. त्यावर उपाय म्हणजे तोच शोध घटनेच्या आसपासच्या, सिग्नल नसलेल्या शेकडो तुकड्यांवर चालवायचा आणि तितकंच चांगलं जुळणारं काही किती वेळा मिळतं ते मोजायचं.

रेणुका_न

न्यूट्रॉन ताऱ्यांकडे परत येते. अणुकेंद्राहून कितीतरी दाट पदार्थ कसा वागतो हे प्रयोगशाळेत मोजता येत नाही, तिथे या लहरी थेट उपयोगी पडतात.

दोन तारे जवळ आले की एकमेकांना ताणतात, चंद्राने समुद्र ओढावा तसे. ताऱ्याची ताण घेण्याची तयारी एका आकड्यात मांडतात, लॅम्डा. तो साधारण त्रिज्या भागिले वस्तुमान याच्या पाचव्या घाताबरोबर वाढतो. त्रिज्या १० टक्क्यांनी वाढली तर लॅम्डा ६० टक्क्यांनी. म्हणून लॅम्डा ढोबळ कळला तरी त्रिज्या बऱ्यापैकी कळते. १७ ऑगस्टच्या घटनेतून १.४ सौरवस्तुमानाच्या ताऱ्याची त्रिज्या ११.९ किलोमीटर आली, चूक दोन्हीकडे १.४. फार 'ताठ' पदार्थाची प्रतिमानं, म्हणजे ज्यांत तारा १४-१५ किलोमीटरचा होतो, ती यामुळे मागे पडली.

आकडा याहून घट्ट का होत नाही? हा परिणाम शेवटच्या काही फेऱ्यांत, साधारण ४०० हर्ट्झच्या वर दिसतो. तो सिग्नल २४ हर्ट्झपासून १०० सेकंद ऐकू येत होता, पण भरतीचा ठसा त्यातल्या शेवटच्या निमिषात. नेमक्या त्या पट्ट्यात फोटॉनांच्या मोजणीचा गोंगाट चढायला लागतो. विलीनीकरणानंतरचा सिग्नल हजार हर्ट्झच्या बराच वर, तिथे काहीच दिसलं नाही. यावर 'दाबलेला' प्रकाश वापरतात, म्हणजे ज्याची पुंज अनिश्चितता एका बाजूने कमी केली आहे असा. चौथ्या निरीक्षण फेरीत ३०० मीटरची गाळणी-पोकळी बसवल्यावर वरच्या वारंवारतेला फोटॉनांचा आणि खालच्या वारंवारतेला आरशांवरच्या प्रकाशदाबाचा, असे दोन्ही गोंगाट एकदम कमी करता आले.

२०१९ च्या ऑगस्टमधली घटना (जीडब्ल्यू१९०८१४) मात्र अडलेलीच आहे. २३ सौरवस्तुमानाच्या विवरासोबत २.६ चं काहीतरी. ते न्यूट्रॉन तारा असेल तर दाट पदार्थाबद्दलची बरीच समजूत बदलावी लागेल, कृष्णविवर असेल तर ते इतकं लहान कसं तयार झालं हे सांगावं लागेल. जोडीदार इतका जड असल्याने ताण मोजता आला नाही.

नवाअंक

छान चर्चा. पहिल्या घटनेचा डेटा खुला आहे असं वाचलं. घरच्या संगणकावर काय काय करता येईल? पायथन येतं.

तरंगवेध

बरंच करता येतं. क्रम असा ठेवा.

जीडब्ल्यूओएससी या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावरून जीपीएस वेळ ११२६२५९४६२.४ भोवतीचे ३२ सेकंद घ्या, हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन दोन्हींचे, सेकंदाला ४०९६ नमुन्यांचे. प्रत्येकी १,३१,०७२ आकडे येतील. आलेख काढलात तर नुसत्या मोठ्या संथ लाटा दिसतील, कारण जमिनीच्या हालचालीमुळे कमी वारंवारतेचा गोंगाट प्रचंड आहे. घाबरू नका.

गोंगाटाचा वर्णपट (कोणत्या वारंवारतेला किती गोंगाट) वेल्च पद्धतीने, म्हणजे तुकडे पाडून काढा, ४-४ सेकंदांचे तुकडे, निम्मे एकमेकांवर. सरासरीऐवजी मध्यक घ्या, म्हणजे एखाद्या तुकड्यातल्या ग्लिचने तो बिघडत नाही. मग पूर्ण डेटाचं फूरिये रूपांतर त्या वर्णपटाच्या वर्गमुळाने भागा. याला व्हाइटनिंग म्हणतात. नंतर ३५ ते ३५० हर्ट्झचा पट्टा ठेवा, ६०, १२० आणि १८० हर्ट्झच्या रेषा कापा. त्या अमेरिकेतल्या वीजपुरवठ्याच्या. उलट रूपांतर केलं की ०.२ सेकंदांची चढती नक्षी डोळ्यांना दिसते.

आता दोन आलेख एकमेकांवर ठेवा. सिग्नल आधी लिव्हिंगस्टनला आला, ६.९ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. म्हणजे हॅनफर्डचा डेटा २८ नमुने मागे सरकवा आणि त्याचं चिन्ह उलटं करा, कारण दोन यंत्रांच्या भुजांची दिशा वेगळी आहे. रेषा एकमेकांवर बसतील.

शेवटी भौतिकशास्त्र. शून्य ओलांडण्याच्या लागोपाठच्या वेळांमधलं अंतर म्हणजे अर्धा आवर्तकाल, त्यावरून वारंवारता. तिचा उणे ८/३ घात वेळेसमोर मांडा, साधारण सरळ रेषा येते. तिच्या उतारावरून जोडीचं 'चर्प वस्तुमान' (दोन्ही वस्तुमानांचं ठरावीक मिश्रण), सूर्याच्या ३० ते ४० पट. ३० धरलं तरी एकूण वस्तुमान किमान ७० पट. कळसाला वारंवारता १५० हर्ट्झ, म्हणजे भ्रमण सेकंदाला ७५ फेऱ्या. केप्लरच्या नियमाने त्या वेळचं अंतर ३५० किलोमीटर निघतं. सत्तर सूर्य ३५० किलोमीटरच्या आत! दोघांच्या श्वार्झशिल्ड त्रिज्यांची (तेवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या त्रिज्यांची) बेरीजच २१० किलोमीटर. कृष्णविवरांशिवाय दुसरं काही तिथे मावतच नाही.

सह्यगिरी

यात नेहमी होणाऱ्या तीन चुका. रूपांतराआधी कडांना खिडकी लावली नाही तर टोकांची उडी सगळ्या पट्ट्यात पसरते. वर्णपट फक्त सिग्नलभोवतीच्या एक-दोन सेकंदांवरून काढला तर सिग्नलच गोंगाट म्हणून मोजला जातो आणि व्हाइटनिंगमध्ये दबतो. तिसरी, व्हाइटनिंगनंतरच्या आलेखातून आयाम वाचणं. तिथे एकक गोंगाटाच्या पटीत असतं. १०^-२१ हा आकडा, म्हणजे ४ किलोमीटरच्या भुजेत ४ × १०^-१८ मीटर, त्या आलेखात दिसणार नाही.

खोडदकाठ

नॅनोहर्ट्झचा पट्टा राहिला. तिथे एका फेरीला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून यंत्र म्हणजे आकाशातले पल्सार, घड्याळासारखे नियमित रेडिओ स्पंद देणारे फिरते न्यूट्रॉन तारे. जून २०२३ मध्ये नॅनोग्रॅव्ह या उत्तर अमेरिकी गटाने ६७ पल्सारांच्या १५ वर्षांच्या नोंदींतून पुरावा मांडला. त्याच दिवशी युरोपीय आणि भारतीय पल्सार गटांनी २५ पल्सारांवरून आपला निकाल दिला, आणि त्यात जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा वाटा आहे.

तो वाटा आकड्यांत बघण्यासारखा आहे. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे रेडिओ स्पंद उशिरा येतो, आणि हा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. इलेक्ट्रॉनांचं मान नेहमीच्या एककात फक्त ०.०००१ ने बदललं तर १.४ गिगाहर्ट्झला उशीर २१० नॅनोसेकंदांनी बदलतो. शोधायची लहर साधारण १०० नॅनोसेकंदांची. म्हणजे सौरवाऱ्यातला किरकोळ बदलही लहरीचं सोंग घेऊ शकतो. ४०० मेगाहर्ट्झला तोच बदल २,६०० नॅनोसेकंदांचा, तिथे तो ठळक दिसतो. जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या ३० अँटेनांचे गट करून ३०० ते ५०० आणि १२६० ते १४६० मेगाहर्ट्झ अशी दोन्ही मोजणी एकाच वेळी करता येते, मग इलेक्ट्रॉनांचा हिस्सा वेगळा काढता येतो.

बाकी चुका ओळखायच्या त्या आकाशातल्या कोनावरून. पृथ्वीवरचं प्रमाण घड्याळ चुकलं तर सगळे पल्सार एकदम चुकतात. गुरूच्या कक्षेत चूक असेल तर समोरासमोरच्या पल्सारांत उलटसुलट फरक दिसतो. गुरुत्वीय लहर असेल तर हेलिंग्ज-डाउन्स वक्र मिळतो: जवळच्या जोड्यांत मेळ, ८० अंशांच्या सुमारास उलटा मेळ, १८० अंशांना पुन्हा थोडा सुलटा.

उगम कोणता? महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हे पहिलं उत्तर. पण १०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट तापमानाच्या बाल विश्वात हिंसक अवस्थांतर झालं असतं तर त्याचा गुणगुणाटही याच पट्ट्यात पडला असता. १०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचं अवस्थांतर लिसाच्या पट्ट्यात. मूलकणांच्या प्रमाण प्रतिमानात ही दोन्ही अवस्थांतरं सौम्य आहेत, लहरी उठाव्यात इतकी जोरकस नाहीत. म्हणून तसा सिग्नल नक्की ठरला तर ते नवीन भौतिकशास्त्र असेल. सध्याचा वर्णपट दोन्ही बाजूंना वाव देतो.

मंदाकिनी

ध्रुवीकरणाचा मुद्दा जोडते, कारण तो थेट हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला येऊन पोहोचतो.

ध्रुवीकरण म्हणजे लहर अवकाशाला कोणत्या प्रकारे ताणते ते. सापेक्षतेत लहरीची ध्रुवीकरणं दोनच. इतर सिद्धांतांत सहापर्यंत असू शकतात. हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन यांच्या भुजा जवळपास एकमेकींना समांतर बसवल्यात (फक्त काटकोनात फिरवलेल्या, म्हणून चिन्ह उलटं). शोधासाठी ते उत्तम, कारण दोघांना एकच आकार दिसतो. पण त्यामुळेच दोघं मिळून साधारण एकाच मिश्रणाचं मोजमाप देतात. काटकोनी भुजांच्या यंत्राला दोन अदिश प्रकारांत फरक कळत नाही, म्हणून सहापैकी पाच वेगळे काढता येतात, आणि पाचांसाठी वेगवेगळ्या दिशांची पाच यंत्रं हवीत. अमेरिकेतली दोन, इटलीतलं व्हर्गो, जपानचं काग्रा, पाचवं औंढ्याचं होऊ घातलेलं लायगो-इंडिया. त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत.

नीरक्षीर

इथे एक धोका आहे. तीन यंत्रं आणि उगमाची दिशा माहीत असेल तर तिन्हींच्या डेटाची अशी बेरीज करता येते की सापेक्षतेची दोन्ही ध्रुवीकरणं पूर्ण रद्द होतात. उरलेल्यात काही दिसलं तर ते तिसरं ध्रुवीकरण, किंवा ग्लिच, किंवा एखाद्या यंत्राचं चुकलेलं अंशांकन (मोजपट्टी ठरवणं). शेवटची शक्यता सगळ्यात फसवी, कारण ती सिग्नलच्याच आकाराची दिसते.

अंशांकन कसं करतात ते पाहा. ४० किलोच्या आरशावर वेगळ्या लेसरचा प्रकाश कमीजास्त करत टाकतात. १ वॅटचा चढउतार ६.७ × १०^-९ न्यूटनचा ढकल देतो. १०० हर्ट्झला त्याने आरसा ४ × १०^-१६ मीटर हलतो, आणि यंत्राने तेवढंच दाखवायला हवं. म्हणजे सगळी मोजपट्टी एका लेसर-शक्तिमापकावर उभी आहे. तो १ टक्का चुकला तर आयाम १ टक्का चुकतो, आयामावरून काढलेलं अंतर १ टक्का, आणि त्यावरून हबलचा स्थिरांकही (विश्वाच्या प्रसरणाचा दर) १ टक्का. १७ ऑगस्टच्या घटनेतून तो ७० आला होता, वर १२ आणि खाली ८ ची चूक. वेगवेगळ्या मोजण्यांतून येणाऱ्या ६७ आणि ७३ मधला वाद यावरून सोडवायचा तर शेकडो घटना जमवूनही ही १ टक्क्याची चूक सरासरीत विरत नाही, सगळ्यांत एकाच दिशेने राहते. औंढ्याच्या यंत्रासाठी शक्तिमापक बाकीच्या वेधशाळांच्या मापकांशी प्रत्यक्ष शेजारी ठेवून ताडून घ्यावा लागेल.